रोटाच्या गव्हात माझी मूठ

अहो,

भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुमची सवय काही आजची नाही. मी तोंड उघडून दोन वाक्यं बोलले की तुमचं ठरलेलं, "चल, शिफ्टची वेळ झाली." मग डबा, हेल्मेट, गाडीची किल्ली आणि जिन्यात बुटांचा आवाज. त्या दिवशीही तसेच उठलात. फरक एवढाच की परत आलात ते ॲम्ब्युलन्समधून, आणि उरलेलं अर्धं भांडण माझ्याकडेच राहिलं. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. का भांडू नये? तुम्ही होतात तेव्हा तरी कुठं पुरतं ऐकून घेतलंत?

भांडण तुमच्या लक्षात असेल. ओवीनं सुरू केलं होतं. तुम्ही जेवायला बसला होतात, ती शेजारी पाय हलवत बसली होती. म्हणाली, "पप्पा, यंदा कानबाईच्या रोटाला माझी पण मूठ घ्यायची ना? मी आता सातवीत आहे." तुम्ही ताटातून मान वर न काढता म्हणालात, "बघू." मी स्वयंपाकघरातून ओरडले, "बघू म्हणजे नाही. सरळ नाही म्हणा की तिला. दर वर्षी काय बघता?" तुम्ही ताक प्यायलात, हात धुतलात, आणि झाली शिफ्टची वेळ.

म्हणजे तुमचा पोरीशी बोललेला शेवटचा शब्द 'बघू'. विचार करा जरा.

तुम्ही त्या रीतीतच वाढलात, म्हणून तुम्हाला ती कधी दिसलीच नाही. मी वाढले भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, आमच्याकडे कानबाई नव्हती; श्रावणात ही देवी बसवतात आणि सगळ्या भाऊबंदकीच्या एकत्र दळलेल्या गव्हाच्या रोटाचा नैवेद्य करून खातात, हे मला ठाऊकच नव्हतं. लग्न होऊन पारोळ्याच्या पुढं तुमच्या गावी नांदायला गेले, तेव्हा पहिल्याच श्रावणात कळलं. शनिवारी दुपारी सगळी भाऊबंदकी आबांच्या ओसरीत जमली. मधे परात, बाजूला गव्हाचं पोतं. तुमचे थोरले भाऊ, आपले आबा, एकेका घराचं नाव घ्यायचे आणि विचारायचे, "कितल्या मुठी?" घरवाला सांगायचा चार, पाच. आणि आबांच्या बायकोनं, म्हणजे आपल्या अक्कांनी, तेवढे गहू परातीत टाकायचे, दर माणशी सव्वा मूठ. माणशी म्हणजे पुरुषामागं. हे मला आधी समजलंच नाही. मी आपली मनात सगळ्यांची मोजदाद करतेय आणि हिशोब काही जुळेना. पाळण्यात झोपलेल्या आबांच्या रवीची मूठ निघाली. शेजारी सासूबाई बसल्या होत्या, ज्यांनी सगळ्या घराला वाढवलं, त्यांची नाही निघाली.

पुढं दोन दिवसांनी गाडीवरून जाताना मी तुम्हाला विचारलं. तुम्ही हसलात. "अगं, रीत आहे. खायला तर सगळ्यांनाच मिळतं ना?" मी म्हटलं, "खायला म्हशीलाही मिळतं." तुम्ही एवढे हसलात की गाडी डगमगली. मलाही हसू आलं. नवं लग्न होतं ना.

जळगावला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हा मी मनातून फार खूश होते, आज सांगते. वाटलं, सुटलो. ना सासू, ना जावा, ना ओसरीत बसलेले आबा. आपण दोघं, पुढं पोरी. आता जे काय करायचं ते आपण ठरवायचं. आणि झालं काय? गावाकडं भाकरी थापायला पाच बायका होत्या. एकीला ताप आला तर दुसरी चुलीपुढं बसायची, एकीचं पोर रडलं तर तिसरी उचलायची, आणि भांडायलाही कुणीतरी असायचं. इथं सगळ्याला मी एकटी. दार लावलं की आत मी, दोन पोरी, कुकरच्या शिट्ट्या आणि तुमच्या तीन पाळ्यांच्या तीन वेगळ्या जेवणवेळा. गावातली रीत आपल्या आधीच फ्लॅटमध्ये येऊन बसली होती, फक्त वाटून घ्यायला माणसं नव्हती.

तुम्ही वाईट नव्हतात. तेच तर अवघड आहे. वाईट असतात तर मी केव्हाच मोकळी झाले असते. हात उगारला नाहीत, दारू नाही, पगार आणून माझ्या हातात. शेजारच्या बायका म्हणायच्या, "वैशालीताई, नशीब काढलंत." सुटीच्या दिवशी तुम्ही भरीत करायचात. गॅलरीत शेगडी मांडून वांगी भाजायची, धूर सगळ्या मजल्यांवर, आणि मग वाट्या भरून शेजारी. "काय भरीत करतात तुमचे मिस्टर!" कांद्याची पात मी निवडलेली, मिरच्या मी तळलेल्या, दाणे मी कुटलेले, नंतरची काळी झालेली ओटा-शेगडी मी घासलेली. त्याची वाटी कुणाकडं गेली नाही. हे तुम्हाला बोलून दाखवलं की तुम्ही खरंच गोंधळून जायचात. "अगं, मग सांगायचं ना, मी घासली असती." सांगायचं. प्रत्येक गोष्ट मी सांगायची, मग तुम्ही मदत करायची. घर दोघांचं आणि मदत मात्र मला!

आणि ते तुमचं दुसरं वाक्य, "मी कुठं नाही म्हणतोय?" ओवी दोन वर्षांची असताना मला भुसावळच्या लॅबमध्ये नोकरी लागत होती. लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेला, कागद कपाटात पडलेला. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, माहेर तिथंच. मी किती दिवसांनी त्या वेळी आरशासमोर नीट उभी राहिले होते. तुम्ही म्हणालात, "जा की. मी कुठं नाही म्हणतोय? फक्त पोरींचं कोण बघणार तेवढं सांग." विचारलंत आणि पेपर उघडलात. आणि हा प्रश्न विचारल्यावर कुठल्याही घरात बापाकडं कुणी बघत नाही. मी पण नाही बघितलं. लॅबवाल्यांना फोन करून नाही म्हणाले, आणि तुम्ही त्या दिवशी येताना माझ्यासाठी जिलबी आणलीत. मला आजही जिलबी जात नाही.

पुढं जळगावातच लॅब मिळाली, तेव्हा संध्याकाळी गेटबाहेर गाडी घेऊन उभे असायचात. "इथूनच चाललो होतो," म्हणायचात. कारखाना शहराच्या एका टोकाला आणि लॅब दुसऱ्या. इथून कुठून चालला होतात हो? मागं बसून तुमच्या पाठीला डोकं टेकलं की दिवसाचा शीण जायचा. हेही लिहिलंच पाहिजे, नाहीतर तुमच्यावर अन्याय होईल.

आणि ते ऑपरेशन. हे मी पोरींनाही सांगितलेलं नाही. ओवी झाली, गावाकडून तिसऱ्याचा धोशा सुरू झाला, आणि तुम्ही एक दिवस रजा टाकून स्वतःचं ऑपरेशन करून आलात. मला आल्यावर सांगितलंत. लंगडत लंगडत पलंगावर बसलात आणि म्हणालात, "तुझे दोन सिझर झाले. आणखी किती कापायचं तुला?" त्या दिवशी मी तुमच्या पायाला हात लावून रडले होते. दुसऱ्याच आठवड्यात आबा आले आणि बाहेरच्या खोलीत तुम्ही त्यांना सांगितलंत, "वैशालीचं ऑपरेशन करून टाकलं." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. असं बघितलंत की मी ट्रे ठेवला आणि आत गेले.

तेव्हापासून गावात मी वंश बंद करणारी. अक्का कितीतरी श्रावण माझ्याशी कामापुरत्या बोलल्या. रोटाची परात माझ्या हातून पुढं सरकवून घ्यायच्या, एवढंच. आणि तुम्ही ओसरीत भावांसोबत बसलेले, नेमके तेव्हा दुसरीकडं बघणारे. जिथं बघायला कुणी नव्हतं तिथं तुमच्याएवढा चांगला माणूस मी पाहिला नाही, आणि चार माणसं जमली की तुमची बोबडी वळायची.

मग तुम्ही गेलात. हट्टानं स्मशानात गेलेल्या आपल्या थोरल्या सायलीनं मडक्यासाठी हात पुढं केला. बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षातली पोरगी, रडून डोळे सुजलेले, पण हात पुढं. आबांनी तिला बाजूला घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि मडकं रवीच्या खांद्यावर दिलं. मला हे घरी आल्यावर कळलं. बायका घरीच थांबतात ना. तुम्हाला अग्नी कुणी द्यायचा हे ठरलं तेव्हा तुमची बायको वरच्या मजल्यावर भिंतीला टेकून बसली होती आणि तिला विचारायला कुणी जिना चढून आलं नाही.

सगळं दिवस-कार्य झालं. श्रावण लागला आणि आबांचा फोन आला. आवाज पडलेला होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. धाकटा भाऊ गेला म्हणजे काय ते मला समजतं. म्हणाले, "वैशाली, कानबाईले खंड पडू देत नही आपन. तू ये. पोरीसले बी लई ये. पन मूठनं काही मनमा धरू नको. किशोरनी मूठ किशोरसंगे गयी. आते तुन्हा घरमा माणूस नही."

मी फोन धरून उभी. कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद केला नाही. आतापर्यंत आपल्या घराची एक मूठ होती. भाऊबंदकीत सगळ्यात कमी, पण होती. आबा घराचं नाव घ्यायचे, तुम्ही 'एक' म्हणायचात. आता नावच घेणार नव्हते. तीन जिवंत बाया राहतात, त्यांचं घर नाही. मला एकदम वाटलं, तुम्हाला स्मशानात नेलं तेव्हा आमच्याही नावाचं काहीतरी तिथंच उरकून आले असावेत.

मी ठरवलं, जायचं नाही. सायली म्हणाली, "आई, नाही गेलो तर त्यांना बरंच होईल. आपण नव्हतोच असं होईल." कुणाचं डोकं घेतलंय माहीत नाही तिनं, तुमचं तर नक्कीच नाही. मग जायचं ठरलं. आणि गेलं तर बोलायचं, आबांसमोर, भाऊबंदकीसमोर.

निघायच्या दिवशी सकाळी मी डब्यातले गहू निवडत होते. सायली आली, हातात तुमचा तो मोठा निळ्या चौकड्यांचा रुमाल. बसली, दोन मुठी गहू मोजून त्यात घातले आणि गाठ मारायला लागली.

"हे काय?"

"काही नाही."

"सायली."

ती खाली बघत म्हणाली, "पप्पा न्यायचे. दर वर्षी."

मग सगळं बाहेर आलं. मुठी काढून झाल्या की दळणाचा डबा चक्कीवर न्यायचं काम तुमचं असायचं, मागं सायली डबा धरून बसायची. चक्कीच्या अलीकडं, वडापाशी तुम्ही गाडी थांबवायचात, खिशातून रुमाल काढायचात आणि गाठ सोडून गहू डब्यात ओतायचात. "ही तुझी, ही ओवीची." वर दम द्यायचात, आईला सांगायचं नाही, ती सगळ्यांसमोर बोलून बसेल.

दर श्रावणात तुमच्या पँटच्या खिशातून मी गव्हाचे दाणे काढायचे हो! कपडे भिजवताना. ओरडायचे तुमच्यावर, चक्कीवर बसून कच्चे गहू काय चघळता पोरासारखे. तुम्ही पेपर वाचत हसायचात. एवढी वर्षं माझ्या हातात येत होते ते दाणे आणि मी ते बेसिनमध्ये सोडून देत होते.

ओवी दारात उभी होती, आम्हाला दिसली नाही. तिनं विचारलं, "म्हणजे माझी मूठ होती?" सायलीनं मान हलवली. "मग मी विचारलं तेव्हा पप्पा 'बघू' का म्हणाले?" आणि ती जी रडायला लागली, तुम्ही गेलात तेव्हाही तशी रडली नव्हती.

काय उत्तर देऊ मी तिला? सांगा ना. एक शब्द, "आहे गं तुझी," एवढाच बोलला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं? आबांना नका सांगू, पण पोरीला? तिची मूठ होती आणि तिलाच माहीत नव्हती. असलं देणं काय कामाचं, हो? मी रुमाल हिसकावून घेतला. गहू फरशीवर सांडले. सायली माझ्यावर चिडली. "पप्पांनी केलं तरी तुझा राग, नाही केलं तरी राग! निदान टाकत तरी होते ना. भाऊबंदकीत दुसऱ्या कोणत्या बापानं टाकली गं?"

बरोबर होतं तिचं. कुणीच नव्हती टाकली. मी खाली बसले, दाणे वेचायला लागले, आणि रागाच्या जागी असं काही भरून आलं की सांगता येत नाही. वडाखाली गाडी लावून, इकडंतिकडं बघत, चोरासारखे गहू ओतणारे तुम्ही दिसलात मला. स्वतःच्या पोरींसाठी स्वतःच्याच गावात चोरी करावी लागली तुम्हाला. फार माया आली तुमची. आणि त्याच मायेत सहज, अगदी सहज, मी विचारलं, "आणि माझी?"

सायली खाली वाकून दाणे वेचायला लागली.

"माझी मूठ नव्हती?"

"मी विचारलं होतं एकदा," ती म्हणाली. "आईची पण टाकू या का म्हणून. पप्पा म्हणाले, आईची कशाला? आई म्हणजे घरच की गं."

किती छान बोलायचात तुम्ही. शेजारणींनी ऐकलं असतं तर म्हणाल्या असत्या, नशीब काढलंत वैशालीताई. घरच. घराला भूक नसते, घराला नाव नसतं, घर दमत नाही, घराची मूठ काढायची नसते. त्यात राहायचं असतं फक्त. तुम्ही लपून मोजलंत तेव्हाही मी मोजणीत नव्हते. मी वेचलेले गहू परत डब्यात टाकले, रुमाल धुऊन वाळत घातला आणि आम्ही तिघी बस स्टँडवर गेलो.

एस. टी.त मला धुळ्याच्या रस्त्यावरचं काही दिसलं नाही. मनात तेच, तोंड उघडेल का माझं. लॅबमध्ये मी परक्या माणसांच्या शिरेत सुई घालते, हात हलत नाही. आणि इथं एकच वाक्य सगळी वाट मनात घोकत होते.

ओसरी भरलेली होती. मला अक्कांनी आतल्या दारापाशी बसवलं. बाई आता वेगळी झाली ना, हळदी-कुंकवाच्या ताटापासून लांब. मी बसले. आबांनी नावं घ्यायला सुरुवात केली. कितल्या मुठी? चार. कितल्या मुठी? सहा. अक्कांचा हात पोत्यातून परातीत, परातीतून पोत्यात. तुमच्या अलीकडचं घर झालं. तुमचं नाव यायचं तिथं आबा थांबले, घसा खाकरला, आणि पलीकडच्या घराचं नाव घेतलं.

"आबा," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "आमचं घर राहिलं."

सगळे वळले. आबा म्हणाले, "वैशाली, फोनवर बोलनं झायं ना आपलं?"

"तुम्ही बोललात. मी आता बोलते. आमच्या घराच्या तीन मुठी."

"कोन्या?"

"सायलीची, ओवीची आणि माझी."

कुजबुज झाली. कुणी हसलंही. आबांचा चेहरा लाल झाला. "रोट माणूसना नावना राहस. पोरी उद्या सासरी जातीन. आनि वंश बंद व्हयना तो काय आम्ही करा? ऑपरेशन करी टाकाना टाइमले आम्हले इचारं व्हतं का तू?"

तिथं होतं हो माझ्या ओठावर. एका वाक्याचं काम होतं. 'माझं नाही, तुमच्या भावाचं झालं ऑपरेशन.' एवढं बोलले असते तर ओसरीत माझ्यावरचा सगळा डाग त्या क्षणी धुऊन निघाला असता. सायली माझ्याकडं बघत होती. भिंतीवर तुमचा फोटो, हार घातलेला. आणि मी ते वाक्य गिळलं. ते तुम्ही सांगायचं होतं, तुम्ही जिवंत असताना, तुमच्या तोंडानं. मेलेल्या माणसाच्या आडून मला माझी मूठ मिळवायची नव्हती. बघा, अजूनही तुम्हाला मीच सांभाळून घेतेय.

मी एवढंच म्हटलं, "आबा, वंशाचं मी बोलत नाही. त्या घरात जेवतं कोण, ते सांगतेय. तिघी जेवतो. आणि यांच्या हयातीतही पोरींच्या मुठी या रोटात होत्या. हे स्वतः टाकायचे, चक्कीवर नेताना, रुमालातून. इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांनी ते रोट खाल्लेत. कानबाई कोपली का?"

आबांनी सायलीकडं बघितलं. तिनं मान हलवली. आबा फोटोकडं बघायला लागले. त्यांना राग आला होता की रडू, मला कळलं नाही. तुम्ही त्यांच्यापासूनही लपवलं होतंत, आणि भाऊ होते ते तुमचे.

मी उठले. कुणी हो म्हणायची वाट बघितली असती तर आजही तिथंच बसले असते. परातीपाशी गेले, पोत्यात हात घातला. पहिली मूठ. "ही सायलीची." वर पाव मूठ. दुसरी. "ही ओवीची." मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि मग हात थांबला. तिसरी तुमची घ्यावी असं वाटलं, खरं सांगते. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप तुमच्या नावाचाच उघडला. डोळ्यांपुढं परात दिसेना. माझी मूठ मला माझ्याच हातानं काढता येईना.

ओवी कधी उठून आली कळलं नाही. तिनं माझा हात बाजूला केला. इवली मूठ तिची, गहू बोटांतून गळत होते. म्हणाली, "ही आईची. वैशालीची." आबांसमोर माझं नाव घेतलं कार्टीनं. मूठ लहान म्हणून वरचे पाव तिनं दोनदा टाकले.

आबा उठले, खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि अंगणात निघून गेले. अगदी तुमच्यासारखे. भाऊच शेवटी. मला वाटलं, संपलं, आता अक्का परात आत नेतील आणि आमचे गहू कोंबड्यांना टाकतील. अक्का परातीकडं बघत बसल्या होत्या. साऱ्या भाऊबंदकीच्या पुरुषांच्या मुठी काढून काढून त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, तुम्ही कधी बघितल्या नसतील. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि ओवीला म्हणाल्या, "थांब वं माय. पोतं बंद करू नको." आणि मग हळूच, कुणी ऐकलं तरी चालेल आणि नाही ऐकलं तरी चालेल अशा आवाजात, "मनी बी एक टाक."

ओवीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "टाक. अक्कांची मूठ."

दळण सायलीनं नेलं, रवीच्या गाडीवर, स्वतः चालवत. रुमाल नव्हता. वडापाशी थांबली नाही. पुढल्या वर्षी काय होईल माहीत नाही. आबा सोमवारी आम्ही निघेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. रोट मात्र त्यांनी खाल्ला, मी वाढला, त्यांनी ताट पुढं केलं.

तर अहो, तुमची मूठ मी नाही घेतली. हात उघडला होता तुमच्या नावानं, तरी नाही घेतली. दोन मुठी लपून टाकल्यात, त्याबद्दल जन्मभर तुमची आठवण काढीन, पोरी पण काढतील. पण तिसरी का नाही, हे विचारायचं राहिलंय. मी येईन तेव्हा पहिला प्रश्न तोच असणार आहे, आणि तेव्हा मात्र शिफ्टची वेळ झाली म्हणून उठायचं नाही.

तुमची,
वैशाली